कोवळा ओटा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तेही मांडवात, पंख्याखाली बसून, वसाहतीतल्या सगळ्या बायांच्या तोंडावर. तुमचं नाव घेत नाही. तुमच्यासारखे प्रत्येक खात्यात खुर्च्या उबवत बसले आहेत, ज्याला लागायचं त्याला बरोबर लागेल.

गोष्ट एकाहत्तरच्या उन्हाळ्यातली. कामठी रोडला गिरणी कामगारांच्या नव्या चाळी उभ्या झाल्या होत्या. दारं-खिडक्या लागल्या, फक्त स्वयंपाकाचे ओटे राहिले होते. उभ्यानं स्वयंपाक करायचा हीच बायांना मोठी नवलाई, कारण आजवरचा जन्म चुलीपुढं उकिडवं बसून गेलेला. चाळी बांधणाऱ्या खात्याच्या साहेबानं सगळ्यांना मांडवात बोलावून विचारलं, ओटा कशाचा पाहिजे? कडप्प्याचा की काँक्रीटचा?

मग काय, मांडवात बाजार भरला.

"कडप्पाच बरा वं, एका फडक्यात साफ."

"अन् त्याच्या सांध्यात झुरळं होते ते? माह्या बहिणीच्या घरी खलबत्ता हातातून सुटला तं कडप्प्याचा कोपराच उडाला!" कौशल्या म्हणाली.

"काँक्रीटवर हळद सांडली तं डाग जाते काय?"

"नाई जात तं राहू दे. ओट्याले हळद लागली म्हनू अन् त्याचं लगन लावून देऊ!"

हशा पिकला. साहेबही हसला आणि उभा राहिला. "बायांनो, काँक्रीटची धरणं बांधतात. तुमचा स्वयंपाक काय धरणाच्या पाण्यापेक्षा भारी आहे? अख्खा ओटा एका तुकड्यात ओततो. सांधा नाही, झुरळ नाही. वरून काचेसारखा घोटतो, चांगलं महिनाभर पाणी मारून पिकवतो. कणीकसुद्धा खुशाल त्याच्यावर मळा."

शेवटचं वाक्य ऐकून इंदूबाईचे कान टवकारले. इंदूबाई म्हणजे गिरणीतल्या लहानूची बायको. पण वस्तीत उलटं होतं. लहानूला लोक इंदूबाईचा नवरा म्हणूनच ओळखायचे. कारण लांब रोटी. सैल कणीक घ्यायची, उचलून आपटायची, पुन्हा उचलायची, पुन्हा आपटायची, तिला रबरासारखी तार सुटेपर्यंत. मग हातावर झुलवत झुलवत रुमालाएवढी करायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायची. लग्न असो की बारसं, इंदूबाईच्या रोटीशिवाय पंगत उठायची नाही. फक्त आपटायला परात घेतली तर परातच घरभर पळायची. धरणासारखा पक्का ओटा मिळाला तर आणखी काय पाहिजे?

"आपल्याले काँक्रीटच पाहिजे!" ती उठून म्हणाली. तिचा हात वर गेला आणि तिच्याकडं पाहून बाकीच्यांचे गेले.

ओटे ओतले गेले. पण उद्घाटनाला कोणी मोठा पाहुणा यायचा होता आणि तारीख आधीच ठरलेली. मे महिन्याचं नागपूर, नळाला करंगळीएवढी धार. महिना कसला आणि पाणी मारणं कसलं! काँक्रीट पिकायच्या आतच उन्हात भाजून निघालं, त्यावर फडकं फिरवलं आणि हार-तुऱ्यांत चाव्या वाटल्या. घोटाई साहेबाच्या तोंडातच राहिली. चिंचेचं पाणी सांडलं की ओट्यावर बारीक बुडबुडे उठायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथला पापुद्रा नखानं निघायचा.

इंदूबाईला हे कळलं ते भर पंगतीत. चाळीतल्या रुपरावच्या पोरीचं लगन, आणि रोट्यांची कणीक तिनं नव्या ओट्यावरच आपटली होती. पहिल्या घासालाच वरपक्षाचा म्हातारा थांबला. दाताखाली करकर. त्यानं घास पत्रावळीवर थुंकला. मग शेजारचा थुंकला. मग ओळच्या ओळ.

"इंदूबाई, पीठ चाळता येत नाई काय वं?" रुपराव सगळ्यांदेखत ओरडला.

त्यानंतर तिला बोलावणं बंद. पुढच्या लगनाला रामटेकहून दुसरी बाई आली. लहानू म्हणाला, "जाऊ दे ना वं. घरी खाऊ आपन."

"काहून जाऊ दे? तुह्या मागावरचं कापड कोनी भर बाजारात फाडून फेकलं असतं तं गेला असता काय तू झोपाले?"

तिनं ओटा घासून धुतला, वाळवला आणि त्यावर ओली मूठ आपटली. तळहात वर केला, तर रेतीच रेती. तोच तळहात घेऊन ती ऑफिसात गेली. साहेबानं मान वर केली नाही. "ओट्यात काही दोष नाही. तुमचा हातच बिघडला असेल. वय झालं आता."

ऑफिस हसलं. संध्याकाळपर्यंत वस्तीही हसली. इंदूबाईचा हात बिघडला! बाई घरी येऊन रडली नाही. तिनं दात आवळले आणि वाट पाहिली.

वाट फार पाहावी लागली नाही. साहेबाचा चपराशी नत्थू त्याच चाळीत राहायचा. एक दिवस तो म्हणाला, "मावशी, साहेबाच्या बंगल्यावर जेवन हाय. मुंबईचे मोठे साहेब येऊन राहिले. त्यायले मटनासंग लांब रोटी खायाची हाय. येता काय?"

"माहा हात बिघडला म्हने ना गा?"

"बाईसाहेबाले काय मालूम! म्याच तुमचं नाव सांगतलं."

आदल्या दिवशी चूल कुठं मांडायची ते पाहायला ती रामदासपेठेतल्या त्या बंगल्यावर गेली. साहेबाची बायको, प्रेमलताबाई, स्वभावानं मोकळी. तिनं स्वयंपाकघर दाखवलं. लांबलचक काळा कुळकुळीत कडप्पा, तोंड दिसेल असा. इंदूबाईनं त्यावरून हात फिरवला. हाताला काही लागलं नाही.

"सिमेंटचा नाई केला, बाईसाहेब?"

"छे गं! मी म्हटलं होतं, स्वस्तात होईल. पण हेच म्हणाले, घरात सिमेंटचा ओटा कोण ठेवतं? आंबट पडलं की खातं त्याला."

इंदूबाई हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोनदा चाळलेलं पीठ भिजवलं आणि गोळ्याचे दोन भाग केले. एक भाग तसाच झाकून ठेवला. दुसरा आपल्या ओट्यावर आपटायला घेतला. असा आपटला की शेजारणी दारात आल्या. "कोनाले बडवून राहिली वं?" कौशल्यानं विचारलं.

"साहेबाले," ती म्हणाली. कौशल्याला वाटलं, चेष्टा.

बंगल्याच्या अंगणात मडकं तापलं. रोट्या रुमालासारख्या उतरल्या. पहिली गेली मुंबईच्या साहेबाच्या ताटात. आतून हसण्याचे आवाज येत होते, ते एकाएकी थांबले. मग खुर्ची सरकली आणि आपला साहेब लालबुंद होऊन अंगणात आला. मागं पाहुणे, तोंडाला रुमाल लावलेले.

"काय घातलंस यात?"

"गहू, पानी, मीठ," इंदूबाई म्हणाली. "अन् तुमचा ओटा."

त्यानं तिला तेव्हा ओळखलं. चेहरा उतरला. "हिला बाहेर काढा! नत्थू!"

नत्थू जागचा हलला नाही. मुंबईच्या साहेबानं विचारलं, "कसला ओटा?"

"दाखवतो," म्हणून ती सरळ आत गेली. घरून झाकून आणलेला दुसरा गोळा काढला आणि सगळ्यांसमोर त्या काळ्या कडप्प्यावर आपटला. थाप, थाप, थाप. भांडी हलली. प्रेमलताबाई दाराला टेकून बघत राहिली. तार सुटली तशी इंदूबाईनं रोटी हातावर झुलवली, अंगणात जाऊन मडक्यावर टाकली आणि गरम गरम पाहुण्याच्या हातात दिली. त्यानं भीत भीत तुकडा मोडला. चावला. गिळला. दुसरा मोडला.

"पीठ तेच, साहेब. हात बी हाच," ती म्हणाली. "फकत खालचं बदललं. आमच्या वसाहतीत घरोघरी हेच पोटात जाऊन राहिलं. लेकरायच्या बी."

पाहुणा आपल्या साहेबाकडं पाहू लागला. साहेबानं घसा खाकरला आणि आवाज मऊ केला. "बाई, तुम्ही उद्या ऑफिसात या. अर्ज द्या. आपण बघू."

"उद्या नाई," इंदूबाई म्हणाली. "म्या आली होती ऑफिसात, तुमी मान बी वर नाई केली. आता केली हाय तं अशीच ठेवा. ह्या पाहुन्यायसमोर सांगा, आमचे ओटे फोडून दुसरे कधी बसवता? बोला!"