लंगडी मुंगी, शाब्बास

किल्लीवाल्याच्या पोपटाला सगळे साहेब म्हणत, कारण काडीचं काम न करता तो दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरायचा. त्याला 'या, बसा' शिकवण्यात किल्लीवाल्याने दोन महिने घसा कोरडा केला. साहेबाने मान वाकडी करून सगळं ऐकून घेतलं आणि उचललं काय, तर कानशीची खरखर आणि आत्याचा खोकला. पोपटाचं असंच असतं. रोज त्याच वेळी, त्याच सुरात घरात जे घडतं तेवढं तो टिपतो. आधी नुसतं पुटपुटणं चालतं, मग एक दिवस शब्द येतात, आणि ते ज्याचे त्याच्याच आवाजात येतात. त्यात या साहेबाची खोड अशी, की नवा धडा कोणासमोर म्हणायचा नाही. खोली रिकामी झाली की तोंड उघडायचं.

घरात माणसं तीनच. किल्लीवाला, त्याची सात वर्षांची मुलगी भिंगरी, आणि त्याची थोरली बहीण, जिला भिंगरीमुळे सगळी गल्लीच आत्या म्हणायची. आत्याला कमी ऐकू यायचं. वरच्या मजल्यावर शिवणयंत्र सुरू झालं की खाली छप्पर कोसळलं तरी तिला पत्ता लागला नसता. भिंगरी वर्षाची असतानाच तिची आई गेली. तेव्हापासून किल्लीवाल्याच्या मनात एकच धास्ती होती, की ही पोरही आपल्या हातून जाईल. कुलपांच्या धंद्यात लोकांची नियत त्याने फार जवळून पाहिली होती.

म्हणून त्याने शब्द ठरवला. बाबा किंवा आत्या सोडून कोणीही न्यायला आलं, अगदी ओळखीचं असलं, तरी भिंगरीने शब्द विचारायचा. सांगता आला नाही तर शाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराचा हात धरून उभं राहायचं. शब्द भिंगरीनेच निवडला होता. रोज सकाळी पिंजऱ्याखाली बसून तिची वेणी घालताना उजळणी व्हायची.

"शब्द काय?"

"लंगडी मुंगी."

"शाब्बास."

साऱ्या गावाला डुप्लिकेट किल्ल्या करून देणारा हा माणूस, पण वर्षभर आपणच आपल्या पोरीच्या किल्लीचा साचा पाडतो आहोत हे काही त्याच्या टाळक्यात आलं नाही.

बारा वाजले की तो लोकांच्या घरची कामं करायला बाहेर पडे तो चार वाजता येई. त्या दिवशी ज्या गिऱ्हाइकाने कुलूप तोडायला बोलावलं, त्याला किल्ली स्वतःच्याच खिशात सापडली, त्यामुळे किल्लीवाला अडीचच्या आतच परतला. दारात एक बूट काढला असेल नसेल, तोच आत साहेब बोलायला लागला. आधी कानस, मग खोकला. मग भिंगरीचं "लंगडी मुंगी" आणि त्याला चिकटूनच त्याचं स्वतःचं "शाब्बास", एका दमात. किल्लीवाल्याला हसूच आलं.

मग तेच पुन्हा आलं, पण निराळ्या आवाजात. आवाज पुरुषाचा होता, मऊ, जराही घाई नसलेला.

"लंगडी मुंगी, शाब्बास. चल भिंगरी, बाबांनीच पाठवलंय."

हा आवाज घरातल्या कोणाचा नव्हता. कोणीतरी रोज दुपारी खिडकीच्या आडोशाला उभं राहून पोपटाकडून शिकत होतं, आणि पोपट त्याच्याकडून. शाळा अडीचला सुटायची, आणि न्यायला जाणारी आत्या शिवणाच्या नादात रोज उशिरा पोचायची. किल्लीवाला एका बुटावर धावला. रस्त्यात त्याने देवाला काय काय कबूल केलं ते त्यालाच ठाऊक.

फाटकाशी गर्दी ओसरली होती. भिंगरी रखवालदाराची दोन बोटं मुठीत घट्ट धरून उभी होती. किल्लीवाल्याने तिला उचलून छातीशी धरलं आणि तो भर रस्त्यात रडला.

"एक काका आले होते," ती म्हणाली. "त्यांना शब्द येत होता."

"मग गेली का नाहीस?"

"ते म्हणाले, लंगडी मुंगी, शाब्बास. शाब्बास तुम्ही म्हणता, बाबा. शब्द सांगणारा नाही म्हणत. असं एकत्र फक्त साहेब म्हणतो."

"साहेब? तू कधी ऐकलंस?"

"मी पलंगाखाली लपले की म्हणतो."

रखवालदाराला त्या माणसाचा चेहराच सांगता येईना. साधाच होता म्हणाला, लक्षात राहील असं काही नव्हतं. पोलिसांनी तेवढं लिहून घेतलं.

त्या रात्री नवा शब्द भिंगरीच्या कानात सांगितला गेला, आणि पिंजरा खिडकीतून आतल्या भिंतीवर आला. दुसऱ्या दिवशी किल्लीवाला कामावर गेलाच नाही. भिंगरीला आत्याजवळ वर बसवून तो जिन्यावर दबा धरून बसला. साहेब हल्ली आणखी काहीतरी पुटपुटत होता. त्या माणसाने त्याच्यापाशी दुसरं काय बोलून ठेवलं आहे, ते त्याला ऐकायचं होतं.

दुपारी ते आलं, पण ते शब्द नव्हते. मागच्या दाराचं कुलूप उघडत होतं. किल्ली सावकाश फिरली, थांबली, पुन्हा फिरली. या घरात किल्ली खटकन फिरवून ते दार लाथेने ढकलायची सगळ्यांची रीत होती.

किल्लीवाल्याने मान वळवून पाहिलं. मागचं दार बंद होतं, आवाज पिंजऱ्यातूनच आला होता. ते कुलूप त्याने स्वतः घडवलं होतं. किल्ल्या तीन, एक त्याच्या कमरेला, एक आत्याकडे, एक दाराजवळच्या खिळ्याला. पाय न वाजवता जाऊन त्याने खिळ्यावरची किल्ली काढली. तिच्या खाचांत काहीतरी पांढरं बसलं होतं. नखाने उकरून त्याने हुंगलं. साबण होता, त्यांच्याच न्हाणीतला. किल्लीचा ठसा साबणावर कसा घेतात हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

तो तिथेच, पिंजऱ्यातून दिसणार नाही असा, भिंतीला टेकला. घर पुन्हा सामसूम झालं, तसा साहेब पुढचं म्हणायला लागला. पावलं आली, अनवाणी, एकेक जपून टाकलेली. ती पिंजऱ्याजवळून पुढे गेली. मग भिंगरीचा पलंग करकरला. भिंगरीच्या वजनाने तो पलंग कधीच वाजत नसे.