चंद्रावतीबाईंची मान

मान धरली, पाठ धरली की आपल्यातला प्रत्येकजण कोणाचा ना कोणाचा सल्ला ऐकतो. डिचोलीच्या चंद्रावतीबाईंनीही ऐकला. वीस वर्षं मशिनवर वाकून शाळेचे गणवेश शिवल्याने त्यांचे खांदे लाकडासारखे कडक झाले होते. गणवेश न्यायला आलेली एकजण म्हणाली, "दत्तप्रसाद सरांकडे जावा. ते खरा योग शिकवतात."

दत्तप्रसाद सर तळमळीचे शिक्षक होते, यात शंका नाही. बाजारामागच्या सभागृहात सकाळी सहाचा त्यांचा वर्ग कधी चुकला नव्हता. तरुणपणी ते बेळगावकडच्या एका गुरुजींकडे शिकले. तिथे कोणाला आसन जमलं नाही, तर गुरुजी त्याच्या मांडीवर उभे राहत. सर हे अभिमानाने सांगत.

"शरीर आळशी असतं," ते म्हणत. "त्याचं ऐकलं तर ते कधीच वाकणार नाही. खुर्चीवर बसून हात हलवायचे आणि त्याला योग म्हणायचं, हे आजकालचे लाड!"

तिसऱ्या महिन्यात हलासन आलं. चंद्रावतीबाईंनी पाय डोक्यामागे नेले, पण जमिनीपासून चार बोटं वरच राहिले. सर जवळ आले. त्यांनी दोन्ही हातांनी बाईंची कंबर पुढे लोटली.

"सर, पुरो... पुरो," बाई घुसमटत म्हणाल्या.

"आणखी थोडं!"

अंगठे जमिनीला टेकले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मानेत काहीतरी कट्कन वाजलं, ते मात्र बाईंनाच ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. मानेतली शीर दबली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गळ्याला पट्टा आला, सुईत दोरा ओवणं बंद झालं. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर बाईंनी लोकांचं न बेतलेलं कापड घड्या घालून परत केलं. मोपाच्या विमानतळावर नोकरी करणारी त्यांची मुलगी सेजल कामावर निघण्याआधी आईची वेणी घालून देई.

वर्गात विषय निघाला तेव्हा सर म्हणाले, "घरी चुकीचा सराव केला असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांचं कसं चुकेल?

ही गोष्ट प्रभावतीबाईंच्या कानावर गेली. त्या चंद्रावतीबाईंच्या शेजारी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्या सरळ सरांच्या घरी गेल्या. सर जिना उतरत होते, कठड्याला धरून, एकेक पायरीवर तिरकं पाऊल टाकत.

"गुडघे कधीपासून दुखतात?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"वयाप्रमाणे चालायचंच."

"वय कसलं? मांडीवर माणूस उभा राहिला तेव्हापासून, असं सांगा की! वर्गाआधी गोळी घेता ना?"

सरांचा हात खिशाकडे गेला. ती गोळी त्यांनी बायकोपासूनही लपवली होती.

"ही परंपरा आहे, प्रभावतीबाय," ते शेवटी म्हणाले. "आम्ही सोसलं म्हणून शिकलो."

"परंपरेला मी नावं ठेवीत नाय. आसनं चांगलीच. पण गुरुजींनी तुमचे गुडघे घालवले, तुम्ही चंद्रावतीची मान घालवली. आता तिनं कोणाचं काय घालवायचं? चाळीस वर्षं मी दुखणाईत माणसं पाहिली. दुखणं म्हणजे आळस न्हय, सर. आतलं माणूस हाक मारतं, ती हाक असता. चला माझ्याबरोबर. एकदा बघा तरी तिका."

चंद्रावतीबाई ओसरीवर डाव्या हाताने तांदूळ निवडत होत्या. सरांना पाहून त्या गडबडून उठू लागल्या.

"सर, बसा. रागावू नका. माझंच आंग जड. तुमी एवढी मेहनत घेतली, आणि माका जमलां नाय."

सरांना वाटलं होतं, त्या भांडतील. भांडणाची उत्तरं त्यांनी वाटेत तयार करून ठेवली होती. पण बाईंनी दोष स्वतःकडेच घेतला होता. बाई दोनदा "पुरो" म्हणाल्या होत्या. ते त्यांनी ऐकलं होतं. ऐकूनही कंबर आणखी लोटली होती!

"तुमचं काही चुकलं नाही," सर म्हणाले. "माझं चुकलं. वर्गात खोटंही मीच बोललो."

चंद्रावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मान दुखावल्यापासून त्या पहिल्यांदाच रडल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गासमोर सगळं सांगितलं, गोळीसकट. "आजपासून मी कोणालाही दाबणार नाही. ज्याला वाकता येत नाही, त्याने भिंतीचा, खुर्चीचा आधार घ्यावा. श्वास अडखळला की थांबावं." काहीजण कुजबुजले, "सर ढिले पडले." पंधरवड्यात निम्मा वर्ग दुसरीकडे गेला. जिथे अजून दाबतात, तिथे. सरांनी त्यांना परोपरीने समजावलं, पण कोणी थांबलं नाही.

चंद्रावतीबाई वर्गात परत आल्या नाहीत. एक बोट सुधारलं, दुसरं तसंच राहिलं. मशिन सेजलने कापडाने झाकून ठेवलं आहे. सर दर रविवारी येतात, ओसरीवर बसतात, बाईंना खांदे सैल सोडून श्वास घ्यायला शिकवतात. बाई शिकतात. पण सरांचा हात जवळ आला की त्यांची मान आपोआप आखडते, आणि सर हात मागे घेतात.

वाचकहो, चूक कळली तरी झालेलं नुकसान प्रत्येक वेळी भरून येतंच असं नाही. म्हणून ती आधी कळावी. जुनी विद्या जरूर जपा, पण जे वेदनेवर पाय देऊन उभं राहतं, ते विद्येचा भाग नव्हे. शिकवणारा कितीही मोठा असो, आपल्या देहाची हाक आपण ऐकावी, मोठ्याने सांगावी. आणि ज्याच्या हाताखाली दुसऱ्याचं शरीर आहे, त्याने तर ती सर्वांत आधी ऐकावी.