क्रशरपाशी तुटणारा सिग्नल

ड्रोनचा सिग्नल पहिल्यांदा तुटला तेव्हा भिंगरीने नेहमीसारखा कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा मात्र तिने आधी बॅटरी किती उरली ते पाहिलं. आज वरून कुणाची इमारत किंवा कुणाचं लग्न टिपायचं नव्हतं. आज आप्पांना शोधायचं होतं.

आप्पा म्हणजे तिचे वडील. उभी हयात टेलिफोनच्या खांबांवर चढण्या-उतरण्यात गेली. 'भिंगरी' हे नावही त्यांनीच ठेवलेलं, कारण लहानपणी ही पोरगी एका जागी म्हणून बसायची नाही. गेल्या वर्षापासून आप्पांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. आज सकाळी त्यांनी हत्यारांची जुनी पिशवी खांद्याला लावली, वहिनीला म्हणाले, "कंप्लेंट आली आहे, जाऊन येतो." असं ते रोजच म्हणायचे आणि फाटकाला हात लावून परत यायचे. म्हणून वहिनी पोळ्या लाटत बसली. आज ते परत आले नाहीत. कानातलं यंत्रही घरीच, फडताळावर राहिलं.

दुपारी पेट्रोल पंपावरच्या माणसाने सांगितलं, पिशवीवाले आजोबा खाणीच्या रस्त्याला वळले. दगडाची ती खाण कधीची बंद पडली होती. तिच्या ऑफिसात पहिला फोन तरुणपणी आप्पांनीच जोडला होता. भिंगरी आणि दादा गाडी काढून इथे आले. पोलिसांना दर थोड्या वेळाने फोन होत होता आणि दर वेळी "माणसं निघाली आहेत" एवढंच ऐकू येत होतं. कुठून निघाली होती देव जाणे.

समोर डोक्याच्या वर गेलेली काटेरी झुडपं, त्यांच्यात आडवेतिडवे खड्डे. मधोमध दगड फोडायचा क्रशर, गंजून लाल झालेला, वर पत्र्याचं छप्पर. आणि त्याच्याही पलीकडे, सरळ कातळात उतरत गेलेली, हिरव्या पाण्याने भरलेली खाण. त्या पाण्याचं नाव दोघांनीही काढलं नव्हतं. पण दोघांना भीती होती ती त्याचीच.

झुडपात शिरून शोधायचं तर हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. म्हणून ड्रोन. तिच्या फोटो स्टुडिओतला मोठा दुरुस्तीला गेलेला. हाताशी होता हा छोटा, म्हातारा. त्याचा सगळा कारभार वायफायवर. ड्रोन स्वतःचं वायफाय सोडणार, रिमोटमध्ये अडकवलेला भिंगरीचा फोन ते पकडणार, मग चित्र दिसणार आणि हुकूमही पोचणार. सिग्नल तुटला की हा बापडा जरा वेळ जागच्या जागी तरंगतो आणि मुकाट्याने उडाला तिथे परत येतो.

"पुन्हा?" दादाने विचारलं.

"पुन्हा. क्रशरच्या वर गेला की तुटतोय. दादा, तुझं वायफाय बंद कर आधी."

हे तिने उगाच नाही म्हटलं. त्याला कारण आप्पाच. निवृत्त झाल्यावर आप्पांनी घरातल्या प्रत्येक वायफायला एकच नाव आणि एकच पासवर्ड देऊन टाकला होता. नाव 'आपलं घर', पासवर्ड आईचं माहेरचं नाव. खालच्या मजल्याला तेच, गच्चीला तेच, स्टुडिओला तेच. "आपल्याच घरात माणसाला दर खोलीत 'कोण तुम्ही?' असं विचारायचं नसतं," असं त्यांचं म्हणणं. मध्यंतरी त्यांनी भिंगरीला न सांगता ड्रोनलाही तेच नाव आणि तोच पासवर्ड देऊन टाकला. आता या ड्रोनची खोड अशी, की तो एका वेळी एकाच फोनशी बोलतो. ओळखीचा दुसरा फोन जवळ आला की पहिल्याला सोडून त्याच्या गळ्यात पडतो. गेल्याच आठवड्यात गिऱ्हाइकासमोर दादा स्टुडिओत आला, त्याच्या खिशातल्या फोनने ड्रोनला ओढून घेतलं, आणि ड्रोन जाऊन काचेवर आदळला. भिंगरी तडक वर गेली आणि आप्पांना नाही नाही ते बोलली. "कळत नाही तर हात कशाला लावता हो? पुन्हा माझ्या सामानाला शिवायचं नाही!" आप्पांना आपण काय केलं तेच आठवत नव्हतं. ते नाव बदलायचं मात्र राहूनच गेलं.

"बंद केलं बाई," दादा म्हणाला. "हे बघ, डोळ्यांनी बघ."

मग भिंगरीने एकेक करून सगळं केलं. रिमोट बंद-चालू केला. फोन बंद-चालू केला. मोबाइल डेटा बंद केला. वायफायची ओळख पुसून नव्याने जोडली. रिमोटच्या अँटेनाच्या दोन शेंड्या नीट ड्रोनच्या दिशेला वळवल्या. ड्रोन हातात घेतला तर सिग्नल ठणठणीत. वर सोडला, ठणठणीत. झुडपांवर फिरवला, दिसला एक कुत्रा आणि कुणाचं तरी फाटकं पोतं. पोतं दिसलं तेव्हा तिचा जीव एकदम वर आला आणि मग पोतंच आहे म्हटल्यावर खाली बसला. पुढे क्रशरचं छप्पर आलं आणि टूं टूं करत रिमोटचा लाल दिवा लागला.

"चॅनल बदल," दादा म्हणाला. "उंची वाढव. नाहीतर डावीकडून ने."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस! सगळं केलंय मी."

"मग आपोआप कसा बिघडेल?"

"एवढं लोखंड आहे तिथे. लोखंड सिग्नल खातं."

"नाचता येईना अंगण वाकडं," दादा पुटपुटला आणि लगेच ओशाळला. अशा वेळी चिडवायचं नसतं हे त्यालाही कळत होतं, पण जन्माची सवय.

भिंगरीचं ठरलं. क्रशरच्या बाजूला चित्र टिकत नाही, तर तिथे बॅटरी कशाला जाळायची? तिने ती बाजू सोडून दिली आणि ड्रोन लांबून वळसा घालून पाण्याकडे नेला.

हिरवं पाणी पडद्यावर आलं तेव्हा दादा जवळ येऊन उभा राहिला. कातळाच्या कडेकडेने ड्रोन सरकत होता. पाण्यावर पालापाचोळा, एक बाटली, एक लाकूड. ते लाकूडच होतं, तिने दोनदा ड्रोन खाली नेऊन पाहिलं. "नाहीयेत," ती म्हणाली. वर तर नव्हते. तळाशी काय आहे हे कुठला ड्रोन सांगणार होता?

बॅटरी संपत आली, ड्रोन परत बोलवावा लागला. आता एकच उरली. ऊन पिवळं पडून झुडपांच्या शेंड्यांवर चढलं होतं.

"मी आत शिरतो," दादा म्हणाला. "हाका मारत जातो."

"त्यांना ऐकू कुठे येतंय, दादा?"

तरी तो गेला. बरंच अंतर "आप्पा, आप्पा" ऐकू येत राहिलं, मग तेही थांबलं. भिंगरी बॉनेटवर ड्रोन ठेवून उभी होती आणि तिला रडू येत होतं. राग येत होता तो पोलिसांचा, दादाचा, पोळ्या लाटणाऱ्या वहिनीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. 'पुन्हा शिवायचं नाही' म्हटल्यापासून आप्पांनी खरंच कशाला हात लावला नव्हता. स्टुडिओच्या दारापर्यंत यायचे आणि हात मागे बांधून परत जायचे. तेव्हा तिला बरंच वाटलं होतं.

दादा परत आला तो कोपरापासून ओरबाडलेला. "काही उपयोग नाही. तुझ्या वहिनीला फोन करून पेट्रोल पंपाकडे पाठवावं म्हटलं, तर तिथे उतारावर फोनच लागत नाही. रेंजची एक दांडी नाही. इथे आलो तेव्हा कुठे आली."

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. "काय म्हणालास?"

"रेंज नाही म्हटलं. मेला आहे फोन तिथे."

"मेला नाही. चालू होता ना?"

"चालू आहे गं, नुसती रेंज नाही."

सकाळपासून आप्पांचा फोन लागत नव्हता. लागत नाही म्हणजे बंद पडला, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. चार्जिंग विसरले असतील, आणखी काय. पण आप्पा माणसं विसरत होते. फोन चार्जिंगला लावायला ते कधी विसरले नव्हते. जन्मभराचा हात होता तो.

"दादा," ती म्हणाली, "माझा सिग्नल तुटत नाहीये. कुणीतरी घेतंय."

"कोण घेणार या उजाड रानात?"

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"आपल्याच घरातल्यांना..." म्हणता म्हणता दादाने बॅटरी उचलली.

शेवटची बॅटरी दादानेच खटकन बसवली. ड्रोन वर गेला. या वेळी तिने तो इकडे तिकडे फिरवला नाही, नाकासमोर क्रशरकडे नेला. आजवर सिग्नल टिकावा म्हणून तिने देव पाण्यात ठेवले होते. आज ती तो तुटायची वाट बघत होती. झुडपं आली. गंजका पट्टा आला. छपराची कड आली. चित्र स्वच्छ, ठणठणीत. "तुट ना रे," ती म्हणाली, "तुट ना मेल्या." छप्पर निम्मं सरलं आणि टूं टूं करत लाल दिवा लागला.

रिमोट तिथेच टाकून ती धावली. मागे दादा. काटे कुठे लागले, ओढणी कुठे राहिली, काही कळलं नाही.

आप्पा छपराखाली, क्रशरच्या सिमेंटच्या ओट्यावर बसले होते. एका पायात चप्पल नव्हती, गुडघा फुटला होता, हातापायांवर ओरखडेच ओरखडे. पिशवी मांडीवर आणि हातात फोन. भिंगरी समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती. नुसती अदब होती.

"बाई," ते मोठ्याने म्हणाले, "कंप्लेंट तुमचीच का?"

"आप्पा, अहो ही..." दादा बोलायला गेला. भिंगरीने त्याचा हात दाबला.

"हो," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "माझीच."

"उशीर झाला हो आमच्याकडून. रस्ता चुकला. पण आता काळजी नाही." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "हे आमच्या घरचं वायफाय. इथे लागतंय. म्हणजे घर इथेच कुठेतरी आहे. मी तिकडे पाण्याच्या बाजूला निघालो होतो बघा. तेवढ्यात हे लागलं. म्हटलं, घर जवळ आलं, आता कशाला जायचं? बसलो इथे. मधे बराच वेळ गेलं होतं. उठलो पुन्हा जायला, चार पावलं गेलोही. तर परत आलं."

मधे बराच वेळ. तिने ही बाजू सोडून दिली होती, तेवढाच वेळ. भिंगरी त्यांच्या पायाशी बसली. तिला हुंदके आवरेनात. आप्पा गोंधळून तिच्याकडे बघत राहिले आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही अशा विचाराने हात अर्ध्यावरच थांबवून म्हणाले, "रडू नका बाई. दुरुस्त होईल. आमची मुलगी आहे ना, तिला यातलं सगळं कळतं. तापट आहे जरा. पण येईल ती."

त्यांना उठवायला गेले तर ते उठेनात. दादाने विनवलं, दटावलं, हाताला धरलं. आप्पांनी ओटा घट्ट पकडून ठेवला. ड्रोन केव्हाच परत फिरला होता, फोनवरचं नाव गेलं होतं. "आता गेलंय, पण येईल. घर सोडून मी कुठे येऊ तुमच्याबरोबर? मी तुम्हाला ओळखत नाही."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंगरीने डोळे पुसले. "दादा, गाडीपाशी जा. ड्रोन उतरला असेल. तसाच चालू ठेव, फक्त घेऊन ये."

दादा ड्रोन घेऊन आला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, बॅटरी अगदी कडेला आलेली. आप्पांच्या हातातला फोन थरथरला. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, 'आपलं घर', आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

भिंगरीने ड्रोन दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि गाडीच्या दिशेने चार पावलं टाकली. मागून पिशवीतली हत्यारं खणखणली. आप्पा उठले होते. फोन पुढे धरून, एका अनवाणी पायाने लंगडत, ते तिच्या मागोमाग येत होते. दादा त्यांच्या कोपराला धरून. तिने वळून पाहिलं नाही. फक्त दिवा अजून हिरवा आहे ना, एवढं ती बघत होती.

"बाई, जरा हळू," आप्पा मागून म्हणाले. "तुटेल."

ती हळू चालायला लागली.