उत्तरासाठी राखलेले पान

ओल्या वाळ्याचा गंध आणि मे महिन्याची दुपार यांचा संयोग झाला की फादर मथायस मला दिसण्याआधी ऐकू येतात: सदरमधील चर्चशेजारच्या त्या उंच छताच्या खोलीत भिंगाची कड टेबलावर ठकठक आपटीत, माझ्या पुढच्या आक्षेपाची वाट पाहणारे.

अठराव्या शतकातील फ्रेंच बुद्धिवाद्यांविरुद्ध धर्माची बाजू मांडणारा ग्रंथ त्यांना मराठीत लिहायचा होता, आणि काचबिंदू त्यांच्या दृष्टीचा परीघ महिन्यामहिन्याने आवळीत होता. मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, निरीश्वरवादी, अक्षर सुवाच्य. म्हणून दर शनिवारी त्यांची लेखनिक. वहीचे डावे पान प्रतिपक्षाचे, उजवे त्यांचे. नियम एकच: ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ अशी प्रतिपक्षाची सही झाल्याशिवाय उजव्या पानाला शाई लागायची नाही. प्रतिपक्ष दोनशे वर्षांपूर्वी मातीआड झालेला. तेव्हा सही माझी.

येथेच सारे फसले. दुबळ्या युक्तिवादाखाली सही करणे मला जमेना. मी तो तासून आणी, आणि त्यांच्या निस्तेज होत चाललेल्या मुद्रेवर, संत्र्याची साल मोडताना उडणाऱ्या तुषारांसारखा, क्षणिक, झोंबरा आनंद उमटे. मग खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालीत, पांढऱ्या झग्याच्या बाह्या सावरीत, ते असे उत्तर देत की मला ते पटत नसे आणि खोडताही येत नसे.

“हे लिहून घेते, फादर.”

“थांब वं. आक्षेप अजून कच्चा हाय तुझा. कच्च्या गड्याले चीत करून मले काय भेटते?”

“आणि डोळे गेल्यावर?”

“काहून भिऊन राहिली? तू हायेस नं! फक्त सही देत जा लवकर. डॉक्टरापेक्षा महाग हाय तुझी सही.”

इतका काटेकोर प्रामाणिकपणा ही आळसाचीच एक प्रतिष्ठित जात आहे, असे मी एकदा सुनावले. ते खळखळून हसले आणि त्यांनी नवा आक्षेप मागितला. सीताबर्डीकडे जाणाऱ्या बसमध्ये मी दात आवळून बसले. आणि, हे मान्य केले पाहिजे, तो आक्षेप अधिक भक्कम कसा करता येईल याचाच विचार करीत बसले.

डोळे गेले, दोन हिवाळ्यांनंतर तेही गेले. वह्या माझ्याकडे आल्या. डावी पाने भरगच्च, प्रत्येकाखाली माझी ठाम सही; उजवी पाने, त्यांच्या लेखी आक्षेप कायम कच्चाच राहिल्याने, सारी कोरी. त्यांची उत्तरे आता केवळ माझ्यात उरली आहेत, शब्दाशब्दाने, हाताच्या हेलकाव्यासकट; आणि त्यांतील एकही मला मान्य नाही.

प्रत्येक मे महिन्यात मी उजवे पान उघडते, दोन ओळी लिहिते आणि थांबते. चिडते, त्यांच्यावरच. कारण आता प्रतिपक्ष ते आहेत, आणि नियम त्यांचाच आहे. त्या दिवंगत फ्रेंचांच्या वतीने सही करायला त्यांना मी लाभले होते. फादरांच्या वतीने सही करील असे कोणी उरलेले नाही, आणि स्मृती कितीही अचूक असली तरी तिला तो अधिकार नसतो.