पाळी कोणाची?

त्या भादव्यात तलाव फुटला आणि आमच्या गावची खालची टोली, तलावाकाठची वस्ती, वाहून गेली. कोणी मामाकडे गेलं, कोणी सासरवाडीला. उरल्या दोघीच: रोवणी-कापणीच्या मजुरीला जाणारी धुरपताकाकू आणि तिची मुलगी गुलाब. गुलाब माझ्याहून थोडी लहान.

त्यांच्या राहण्याची सोय मी लावली. हो, मीच! वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून मला कोणाचीच भीती वाटेनाशी झाली होती. मारुतीच्या देवळाचे पंच देवाजीबाबा, विहार सांभाळणारे भोजराजकाका आणि मिशनच्या प्रार्थनाघरातले पास्टर लक्ष्मणराव, तिघांनाही मी आमच्या ओट्यावर बसवलं आणि बोलत सुटले. तिघांचे देव वेगळे असले तरी पाऊस सारखाच पडतो, असं काहीतरी.

भोजराजकाका म्हणाले, "आमच्या इथं देव नाही बाई, पण पाऊस पडते."

सगळे हसले आणि ठरलं. एकेक आठवडा एकेकाकडे, रविवारी संध्याकाळी पाळी बदलायची. 'पाळी' हा शब्द माझाच. तो गावाला इतका आवडला, की ज्याला त्याला गंमत, "काहो, आज पाळी कोणाची?"

आधी प्रार्थनाघर झालं, मग विहार झाला. देवळाची पाळी आली त्या रविवारी दुपारी गुलाबनं मला विहारामागं ओढलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"ताई, मले काहीतरी झालं. मी मरून राहिली का?"

मी तिला मिठीच मारली. "मरते कायले! शाळेत नर्सबाई आल्या होत्या ना, त्यायनं सांगितलं. याले पाळी म्हणतात. यात लाजाचं काही नाही. कोणी विचारलं त सरळ सांगाचं!"

गावात हा शब्द त्या अर्थानं कोणी वापरत नव्हतं. बाया म्हणत, 'बाहेर बसली'. मी तिला जुनं धुतलेलं लुगडं फाडून दिलं. धुरपताकाकू बोजा बांधत होती, तिला सांगायचं राहूनच गेलं. देवळाचा विचार माझ्या मनात आला, तेव्हा आम्ही पायऱ्यांशी पोचलो होतो.

देवाजीबाबांनी सभामंडप स्वतः झाडला होता. कोपऱ्यात भाताच्या तणसावर घोंगडी अंथरली होती.

"या, या. काय वं गुलाब, आज पाळी कोणाची?"

गुलाब ताठ उभी राहिली. "माझी."

"तुझी कायची? मारुतीची!"

"नाही बाबा, माझीच. दुपारपासून."

देवाजीबाबा अजून हसतच होते. पण फुलांचे हार ओवणाऱ्या कलाबाईंचा हात थांबला. "अव माय! पोरीले पहिले खाली उतरवा."

मग मी खूप बोलले. स्पर्धेतही इतकं बोलले नव्हते. देवाजीबाबांनी सगळं ऐकलं.

"तू बोलून राहिली ते मले पटते, पोरी. पण उद्या कोणाचं ढोर जरी मेलं ना, त लोक हिचंच नाव घेतील. पाच दिवसांनी आण. मी स्वतः बोजा उचलतो."

मी विहाराकडे धावले. त्यांची पाळी संपली म्हणून भोजराजकाकांनी सकाळपासूनच छपराची गळकी कवेलू उतरवून ठेवली होती. वर नुसते बांबू. "मले काल तरी सांगतीस," ते म्हणाले. प्रार्थनाघराला कुलूप. लक्ष्मणराव किल्ली घेऊन भंडारा शहराला गेलेले.

मग घरी गेले. आई म्हणाली, "त्या दिवसांत मी स्वतः गोठ्यात बसते, बाई. त्यात म्हैस व्याली. तुझे बाबा परक्या पोरीले तिकडं फिरकू देतील का? मले कोणी विचारते का घरात?"

देवळापाशी परत आले तर धुरपताकाकूनं बोजा डोक्यावर घेतला होता. ती कोणाशी भांडली नाही. "चाल माय," एवढंच गुलाबला म्हणाली. देवाजीबाबांनी आपली ताडपत्री दिली आणि मान फिरवली.

"ताई, मी बराबर सांगितलं ना?" गुलाबनं वाटेत विचारलं. मी ताडपत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

टोलीत त्यांच्या घराची एक भिंत उभी होती. काकूनं भिंतीवर ताडपत्री टाकली, एका कोपऱ्यावर विटा ठेवल्या. चिखलात विटा सरकायच्या. दुसरा कोपरा मी धरला. तलावावरून वारा येत होता आणि सोडला की कोपरा उडायचा. आत गुलाब पोट धरून बसली होती.

दिवेलागण झाली. वरच्या गावातून आई हाका मारत होती.

"जा बाई, बाप रागावन तुया," काकू म्हणाली.

"दोरी आहे का काकू?"

"नाही."

मी कोपरा धरून उभी राहिले. आईनं परत हाक मारली.