पाणी उतरल्यावर

हार्लनने गळावर इवलंसं पिवळं रबरी आमिष सरळ ओवलं, त्याची शेपटी मोकळी हलते का ते बोटाने पाहिलं आणि काठी डीनाच्या हातात दिली.

"आता त्या झाडाच्या जरा अलीकडे टाक."

"कुठलं झाड, डॅडी? मला नुसतं पाणी दिसतंय."

"बुडालेलं. वर दिसलं असतं तर अख्ख्या गावाने इथेच ठाण मांडलं असतं."

डीना हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. बापलेक दोघंही जपून बोलत होते. संध्याकाळी ती लुइव्हिलला, शहरातल्या आपल्या घरी, परत जाणार होती. पुढच्या महिन्यात गावाचा कबरी साफ करून फुलं वाहायचा दिवस होता. त्याच्या बायकोच्या, ओडेसाच्या कबरीवर पहिल्यांदाच फुलं पडणार होती. त्या दिवशी लेक येईल का, हे विचारायला हार्लनची जीभ रेटत नव्हती.

दोघांच्या मध्ये एक टिनचा पक्षी आला होता.

ओडेसा दर नाताळात त्याला लाल लोकर बांधून झाडाच्या पोटात लपवायची. ज्याला सापडेल त्याने पहिली भेट उघडायची. या वेळी मात्र तिला खुर्चीतून उठवत नव्हतं, आणि रस्ते गोठल्यामुळे डीनाही येऊ शकली नाही. झाड हार्लननेच सजवलं. तिला पानांचा वास यावा म्हणून अगदी खुर्चीला टेकवून ठेवलं. पुढे त्यानेच ते उतरवलं आणि गावाच्या रीतीप्रमाणे तळ्यावर आणलं. हिवाळ्यात पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडतो. तेव्हा नाताळची झाडं तिथे सिमेंटच्या ठोकळ्याला बांधून ठेवायची. वसंतात पाणी चढतं, आणि क्रॅपी मासे त्या फांद्यांत येऊन राहतात.

शेवटच्या दिवसांत ओडेसा एकच विचारत राहिली, "पक्षी सापडला का?" हार्लनने सजावटीची सगळी खोकी उपसली. तिला पुरलं त्या दिवशी स्वयंपाकघरात, पाहुण्यांसमोर, तो डीनाला म्हणाला, "मागच्या खेपेला तूच नेला असशील. निदान ती असेपर्यंत तरी थांबायचंस."

डीनाने तेव्हा उलट उत्तर दिलं नव्हतं. अजूनही दिलं नव्हतं.

"आमिष माशांच्या डोक्यावर राहू दे," तो म्हणाला. "क्रॅपी वर बघतो. खालून गेलेलं त्याला दिसतच नाही. आणि ओढ लागली की झटका देऊ नकोस. नुसती काठी उचल. त्याचा ओठ कागदासारखा असतो, फाटून जातो."

"शाळेची बस चालवायचात तेव्हा त्यातल्या पोरांना असंच शिकवायचात?"

"ती पोरं ऐकायची. तू कधी ऐकलंस?"

तेवढ्यात दोऱ्यावरचं तरंगतं बूच बुडालं. डीनाने काठी उचलली. काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"डॅडी, मोठा आहे!"

"मासा नाही तो, झाड आहे. आण इकडे."

गळाची तार मुद्दाम बारीक असते. सावकाश ओढलं की ती सरळ होऊन सुटते. हार्लनने दोरा बाहीवर गुंडाळला आणि घाई न करता मागे मागे सरकत गेला. खाली काहीतरी कडकन मोडलं. बोटभर डहाळी गळाला लटकून वर आली.

डहाळीच्या बेचक्यात लाल लोकरीचा फास होता. चिखलाने काळा पडलेला, पण गाठ घट्ट. फासात टिनची एक छोटी कडी अडकली होती. पक्ष्याच्या पाठीवरची.

हार्लन खाली वाळूवर बसला. त्याने हात लांब करून पाहिला, खुर्चीत बसल्या जागेवरून ओडेसाचा हात फांदीपर्यंत पोहोचला असेल का ते पाहावं तसा.

डीनाने डहाळी हातात घेतली.

"मम्मी पक्षी मागत नव्हती," ती म्हणाली. "कुणाला सापडला का, ते विचारत होती."

हार्लनने खिशातून पक्कड काढली. सरळ झालेला गळ परत वाकवायचा होता. पक्कड दोनदा निसटली.

"मी तुला सगळ्यांसमोर..."

"हो," डीना म्हणाली. तिने पक्कड त्याच्या हातातून घेतली आणि गळ स्वतः वाकवला. तो शिकवायचा तसाच, टोकाला धक्का न लावता.

"पाणी परत कधी उतरतं?"

"पानं झडल्यावर."

"मग तेव्हा येते. शोधायला."

"आधी पण ये," तो म्हणाला. "मेमध्ये. फुलं वाहायला."

तिने लोकरीचा फास कोटाच्या खिशात ठेवला, काठी उचलली आणि झाडापासून दूर, उघड्या पाण्यात आमिष टाकलं.

"तिथे काही लागणार नाही, बाळ," हार्लन म्हणाला.

"ठाऊक आहे, डॅडी."