सोमीबाईचे तळवे

मोहाच्या बियांचं तेल तळव्यावर चोळलं की त्याला उग्र, उबदार वास येतो. सोमीबाईच्या अगोदर तो वासच माझ्यापर्यंत पोचायचा. कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात, धान कापून रित्या झालेल्या शेतांच्या बांधांवरून ती आरोग्य उपकेंद्राकडे येई आणि पायरीवर बसून दोन्ही तळवे उन्हाकडे धरी. बाळंतपणाआधी हात उबदार हवेत, हा तिचा नेम.

कुरखेड्यापलीकडच्या त्या जंगलगावची ती सुईण आणि मी ब्रह्मपुरीहून बदलून आलेली नर्स. बाळंतपणं आमच्याकडे होऊ लागली तसं तिचं काम माझ्याकडे आलं, तिच्याकडे उरली ती पायरी. तरी प्रत्येक बाळंतिणीसोबत ती यायची आणि दाराशी थांबायची. आत मी तिला येऊ देत नव्हते.

माझ्या जुन्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक फ्रेंच शब्द होता, 'आकूशूझ'. अर्थ सुईण. इंग्रजी डॉक्टरी पुस्तकांनीही तो तसाच उचलला होता आणि त्याच्या मुळाशी अंथरूण होतं. बाळंतिणीला अंथरुणाला नेणारी ती आकूशूझ. एका संथ दुपारी मी तो सोमीबाईला वाचून दाखवला. शहाणपण मिरवायची खोड, दुसरं काय!

ती हसली. "आमच्या इथी कोन निजवते, बाई? निजवलं का पोरगं अडते."

मीही हसले आणि विसरले.

मग पहिलटकरीण रेखा आली. सकाळपासून ती टेबलावर आडवी होती. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं, तरी बाळ पुढे सरकेना. पोर थकली होती. कुरखेड्याहून गाडी निघाली होती, पण वाट लांबची. मी पुन्हा तिची नाडी पाहिली. दारातून शांत आवाज आला, "तिले उभी करा, बाई. पाय जमिनीले टेकू द्या."

त्या क्षणी मला राग आला, हे कबूल करते. मग रेखाकडे पाहिलं आणि बाजूला झाले.

सोमीबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रेखाचे हात स्वतःच्या गळ्यात घेतले, तेलकट तळवे तिच्या कमरेवर ठेवले आणि सुपात धान पाखडावं तशा संथ लयीत तिला डुलवत राहिली. ओठांतल्या ओठांत, शब्दांवाचून काही गुणगुणत होती. मी फरशीवर गुडघे टेकून बसले होते. गाडीचा भोंगा ऐकू येण्याआधी मुलगी माझ्या हातांत आली आणि रडली.

सोमीबाई खाली वाकली, दोन्ही तळवे फरशीवर टेकून क्षणभर थांबली. "जमिनीले सांगा लागते, एक मानूस वाढला," ती म्हणाली. प्रत्येक घरी तिने हेच केलं होतं, आणि मी ते त्या दिवशी प्रथमच पाहत होते.

संध्याकाळी मी नोंदवही उघडली. प्रसूती कुणी केली, त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. रीतच तशी होती. पायरीवरून तिने विचारलं, "लिवलं का सारं?"

मी "हो" म्हणाले. तिला वाचता येत नव्हतं. त्या एका होकाराची मला आजही लाज वाटते.

गेल्या शिशिरात ती गेली. दुसऱ्या दिवशी मी ते जुनं पुस्तक काढलं आणि त्या परक्या शब्दासमोर तिचं नाव लिहिलं. एवढ्याने नोंदवही काही दुरुस्त होत नाही. रेखाची मुलगी आता धावत येते, पायरीवर बसते, आणि कुणी शिकवलेलं नसताना उन्हाकडे तळवे धरते. मग मीही तिच्याशेजारी बसते. पायरीवर हात टेकून, एक माणूस उणा झाला हे जमिनीला सांगायचं माझ्याकडे राहिलं आहे. आणि इतके दिवस झाले, ते अजून माझ्याच्याने सांगवत नाही.